फरिदाभाभींची ताटली

रुचिर,

फ्रिजमधल्या लाडवांना हात लावू नकोस. जुन्या ताटल्या चिकटवून केलेला माझा तीनमजली स्टँड, ज्याला तू राउंडअबाउटवरचं कारंजं म्हणालास, त्यातली मधली ताटली फरिदाभाभींची निघाली. त्यांच्याकडून सांदणं घेऊन आली होती, माझ्या जुन्या काचसामानात मिसळली. ओढून पाहिली, जाम हलत नाही. आता अख्खा स्टँडच परत द्यायचा. पण शेजाऱ्यांकडे रिकामी ताटली कशी पाठवणार? तिन्ही मजले भरायला हवेत, म्हणून चकल्या आणायला रुवीच्या बाजारात जातेय.

वरची बशी आईंनी पुण्याहून आणलेल्या सेटमधली आहे. त्या झोपून उठल्या की चहा मगमध्येच दे. बशी मागितली, तर ती तू फोडलीस.

ऋचा