सत्यशीलेच्या पाळण्याची तबकडी

मी, कारभारी लक्ष्मण सदाफुले, वय ७४, राहणार खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा धंदा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण त्याने कागदाला बाधा येत नाही असे वकील म्हणाले. दडपण कोणाचे नाही.

१. दोन खोल्या व पुढचे दुकान माझी एकुलती मुलगी दीपा हिला. ठेवायचे की विकायचे ते तिने ठरवावे.

२. माझ्या एक्केचाळीस 'डायरेक्ट टू डिस्क' तबकड्या, रेकॉर्ड प्लेअर व स्पीकर भाचा योगेश याला. या तबकड्या टेपवरून केलेल्या नाहीत. वाजवणारे वाजवतात आणि त्याच क्षणी सुई रेघ कोरते. मध्ये थांबता येत नाही, चूक खोडता येत नाही. जपानी पियानोच्या तबकडीत वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. शेजारी राम याला मात्र हात लावू देऊ नये. त्याने एकीवर गरम चहाचा कप ठेवला होता. तो विसरला असेल, मी नाही.

३. लोखंडी पेटीत पांढऱ्या फडक्यात बेचाळिसावी तबकडी आहे. ती दीपाची.

१९८८ साली एका बंद स्टुडिओचे तबकडी कोरायचे यंत्र मी भंगारातून आणले. सोबत लाखेची एकच कोरी तबकडी होती. पत्नी सत्यशीला जयंतीला विहारात पाळणा म्हणायची, तो कोरायचे ठरले. दुसऱ्या कडव्याला अडीच वर्षांची दीपा दार ढकलून रडत आत आली आणि मी ओरडलो, "तिला भाईर काढ. समद्याचं वाटुळं केलं." सुई चालूच होती. सत्यशीला थांबली, लेकराशी काही बोलली, तिला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत गायली. पुढच्या वर्षी काविळीने गेली.

शाळेत असताना दीपाने विचारले होते, "आप्पा, आईचा आवाज कसा हुता?" मी म्हणालो, "कुठं न्हाई राहिला." खोटे बोललो. त्या ओरडण्याची लाज वाटत होती.

४. लाखेची तबकडी वाजवली की झिजते. दर स्मृतिदिनी भर दुपारी दार लावून मी ती वाजवली, छत्तीस वेळा. हळू आवाजाची रेघ उथळ, ती आधी जाते. आता सत्यशीला खरखरीच्या मागून, फार लांबून गाते. माझे ओरडणे मात्र काल कोरल्यासारखे स्वच्छ आहे. हल्ली तबकडी न लावताही ते दुकानात ऐकू येते, आणि मला त्याची भीती वाटते.

योगेश सगळ्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हणाला होता. नक्कल म्हणजे आवाज नव्हे, असे म्हणून मी त्याला हाकलले. तो हट्ट चुकला.

५. माझ्यानंतर योगेशने ही तबकडी दीपासमोर एकदाच लावावी व त्याच वेळी उतरवून घ्यावी. माझे ओरडणे कापू नये. त्यानंतरही तिची आई गात राहिली, हे दीपाला कळले पाहिजे.

६. मधले सत्यशीलेचे बोलणे आता मुळीच ऐकू येत नाही. मला पाठ आहे, म्हणून ते दीपाच्या नावे येथे लिहून देतो: "ये माझी बाय. आप्पा तुज्यावर न्हाई चिडले. बस हितं. तुलाच म्हनते पाळना."

लिहून देणार: कारभारी लक्ष्मण सदाफुले (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. तौसीफ गनी शेख (सही)
२. लंकाबाई नामदेव गायकवाड (डाव्या हाताचा अंगठा)

खर्डा, ९ नोव्हेंबर २०२५