पाहुणा नव्हे, घरजावई

प्रिय ताई,

काल फोन कट करायच्या आधी तू मला उलट्या काळजाची म्हणालीस, ते नीट ऐकू आलं. पुन्हा फोन केला तर तू उचलणार नाहीस, उचललास तरी मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, मध्येच तोंड घालता येत नाही. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून झाल्यावर.

आईच्या खिडकीतल्या मनीप्लँटच्या बाटल्या मी रिकाम्या केल्या. मांजरावर आळ घेऊ नकोस. आई गेल्यापासून तू त्यांना कुणाला हात लावू देत नाहीस, माहीत आहे मला. पण मी आले तेव्हा तू सह्या गोळा करायला बाहेर पडली होतीस, भावोजी चहा टाकत होते आणि बाटल्यांतल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. नाल्यापलीकडची वस्ती हटवा, ताप तिथून आला, त्यानेच आमची आई गेली, अशा अर्जावर तू दारोदार सह्या घेणार आणि घरच्या खिडकीत डासांचं पाळणाघर चालवणार! वेल मी कुंडीत लावलेत. भावोजींनी माती आणून दिली, त्यांना रागावू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तू कधी विचारलं नाहीस, आईने विचारलं होतं. तापाच्या रोग्याच्या रक्तातला विषाणू घ्यायचा आणि त्याची अक्षरं ओळीने वाचायची, जनुकीय क्रम म्हणतात त्याला. विषाणू नुकताच कुठून तरी बाहेरून आलेला निघाला तर आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. वर्षभर इथेच मुक्काम ठोकून बसला असेल तर घरजावई. हे दुसरं नाव आईनेच सुचवलं होतं, तेही भावोजींकडे बघत, आणि सगळ्यात मोठ्याने भावोजीच हसले होते.

आता आमच्या साहेबांना अहवालात पाहुणा हवा आहे. पाहुणा म्हटलं की वस्तीत राहणाऱ्या बांधकामावरच्या माणसांनी तो बाहेरून आणला, वस्ती हटवली, प्रश्न मिटला. घरजावई म्हटलं तर पालिकेला तोंड लपवायला जागा राहत नाही. गेलं वर्षभर फवारणी कुठे झाली? आपल्या कॉलनीतले रोगी साधा ताप म्हणून घरी का पाठवले? शिवाय पाहुणा सिद्ध करणं सोपंही आहे. तपासणीची शिबिरं फक्त वस्तीत भरवली, मग रोगी वस्तीतच सापडणार की. मी हट्टाने कॉलनीतले जुने नमुने फ्रीझरमधून काढले आणि तेही वाचले. साहेब म्हणाले, नको ते उकरू नकोस. मी सांगितलं, उकरून झालंय.

काय निघालं ते तुला समजायला विज्ञान लागणार नाही. तुझा तो 'माझे आजोबा' निबंध आठवतो? आजोबांना दोन पाय आणि एक काठी असं लिहायचं, तर घाईत तू तीन पाय लिहून बसलीस. शेजारच्या ढब्बीने तो जसाच्या तसा उतरवला आणि वर आपली भर घातली, चष्म्याऐवजी चमचा. तिचे आजोबा चमचा लावून पेपर वाचायला लागले. ढब्बी बाईंची भाची, म्हणून नकलेचा ठपका आला तुझ्यावर. तू रडली नाहीस. कमरेवर हात ठेवून बाईंना विचारलंस, तिच्या आजोबांना माझे तीन पाय आहेत, पण माझ्या आजोबांकडे तिचा चमचा नाही, मग कोणी कोणाचं उतरवलं? मी वर्गाच्या दारात उभी होते. माझी ताई जगात कुणालाही भीत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही वाटतं, म्हणून तर इतकं चिडायला होतं.

विषाणूचंही तसंच. तो स्वतःची नक्कल करतो आणि चुकतो. पुढच्या नकलांत जुन्या चुका राहतात, नव्यांची भर पडते. वस्तीतल्या एकूण एक नमुन्यात कॉलनीचे तीन पाय आहेत. कॉलनीच्या जुन्या नमुन्यांत वस्तीचा चमचा कुठेही नाही. ताप नाला ओलांडून आपल्याकडे आला नाही, ताई. आपल्याकडून तिकडे गेला.

आणि आईला सांभाळायला वस्तीतून येणाऱ्या मावशी. दिवसभर आईच्या उशाशी बसणाऱ्या, तिचे पाय चेपणाऱ्या. त्यांना तू दारातूनच हाकललंस, वस्तीतून ताप घेऊन आलीस आणि आमच्या आईला खाल्लंस असं म्हणून. नंतर त्या स्वतः तापाने फणफणल्या. वाचल्या, पण अजून भिंत धरून चालतात. काल त्या आमच्या प्रयोगशाळेचा जिना चढून आल्या. मला वाटलं, काम मागायला आल्या असतील. पण त्यांना एकच विचारायचं होतं, खरंच माझ्यामुळे गेल्या का गं तुझी आई? मला तुझा इतका राग आला की तिथल्या तिथे तुला फोन लावला, आणि मग काय झालं ते तुला माहीत आहे.

साहेबांनी सांगितलंय, शब्द बदल, नाहीतर टेबल रिकामं कर. टेबलावर माझा एक कप आहे आणि एक स्वेटर. दोन्ही पिशवीत भरून ठेवलेत.

शुक्रवारी पालिकेत सुनावणी आहे. आधी तू बोलशील, आईचा फोटो हातात धरून. तुझ्यानंतर मी नाव दिलंय. मी काय बोलणार ते तुला भर सभेत माइकवरून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. कारण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. वस्तीतल्या नमुन्यांच्या सगळ्यात जवळचा, त्यांच्या आधीचा जो कॉलनीतला नमुना आहे, त्या नळीवरचं अक्षर माझं आहे. आईचं रक्त मीच नेलं होतं. मावशींच्या विषाणूत आईच्या सगळ्या चुका आहेत, वर एक त्यांची स्वतःची. कुठला डास कोणाला चावला हे ती अक्षरं सांगत नाहीत, म्हणून मीही सांगणार नाही. पण मावशींकडून आईला ताप आला नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार. आईचं नाव घ्यायला आपल्या दोघींची संमती लागते. तू दिली नाहीस तर मी नळीचा नंबर सांगेन, पण बोलायची थांबणार नाही. तिथेही मला उलट्या काळजाची म्हण, मी मान खाली घालणार नाही. फक्त एक कर. तुझं बोलून झालं की फोटो पिशवीत घालू नकोस. मी बोलत असेन तेव्हाही तसाच वर धर. मावशी समोरच बसणार आहेत, त्यांना आई दिसली पाहिजे.

तुझीच,
उलट्या काळजाची धाकटी