दुधासंगं घेतलेल्या गोळ्या

विशाखा माय, जय भीम.

पहिल्या एसटीनं लातूरला चाललो. तू उठायच्या आत निघालो, कारण हे तोंडानं सांगणं जमलं नसतं.

तुझ्या मुरुमांच्या गोळ्या मी दोन महिने दुधासंगं दिल्या. या दुष्काळात शेळीचं दूध मागून आणून तुला पाजलं. काल चंचीतला दवाखान्याचा कागद अक्षर लावून लावून वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलंय, दुधासोबत घेऊ नये, गुण येत नाही.

कंपाउंडरनं विचारलं होतं, "बाबा, वाचता येतं का?" मी म्हणलं, "हाव, फाडफाड येतं." प्रौढ वर्गात नुकताच शिकलो होतो. 'रोज दोन गोळ्या' एवढं वाचलं अन् कागद घडी करून ठेवला.

म्हणून औषध लागू झालं नाही. लातूर जिल्हा झाल्यापासून चामडीचा डॉक्टर जवळ आलाय. त्याला खरं सांगतो. गोळ्या परत द्यायच्या, का नुसता मलम लावायचा, विचारून येतो. तोवर पारूबाई शेजारीण सांगती तसा लिंबू-चुना लावू नको. पुटकुळ्या फोडू नको. तोंड धुवायला तांब्याभर पाणी झाकून ठेवलंय. पाण्यावरून कुणी बोललं तर माझं नाव सांग.

असं तोंड घेऊन डी.एड.च्या मुलाखतीला जात नाही म्हणलीस. मुलाखतीला बोलावल्याचं पत्र तुझ्या पुस्तकात ठेवलंय. ते मी दोनदा पूर्ण वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलंय, उमेदवाराने स्वतः हजर राहावे.

तुझा आजा