वाळूवर आमची ऑल-व्हील

१ जून, सोमवार
शेजारच्या झेफेरिनोशी बोलणं बंद. कायमचं. यंदा बोटींना आशीर्वाद द्यायच्या दिवशी मला वोवो म्हणणारा माझा नातू एलिझिओ पहिल्यांदा कप्तान म्हणून आजोबांची बोट काढणार. बोटी किनाऱ्याच्या टोकाजवळून जातात. तिथे उभं राहून मी रुमाल हलवणार. माझे गुडघे तिथवर चालायला तयार नाहीत, गाडीच हवी. तर हा म्हणतो, वहिनी, माझ्या जीपमधून चला की, मागे आमिषाच्या बादलीशेजारी जागा आहे. गेल्या वर्षी तिथेच बसले होते. आठवडाभर गावातली मांजरं माझ्या मागे.
यंदा आपली गाडी. ठरलं.
लिहिते आहे सून ओदिलिया. गाडी तिची, अक्षर तिचं, डोकं माझं.

४ जून
ओदिलियाला शंका. आपली गाडी ऑल-व्हील, फोर-व्हील नव्हे, तर वाळूवर न्यायचा परवाना मिळेल का? मी विचारलं, चाकं किती? चार. फिरतात किती? चारही. मग? ती म्हणे, जीपला जोर लावायचा वेगळा गिअर असतो, आपल्या गाडीला नाही. म्हटलं, मलाही नाही, तरी तुझ्या नवऱ्याला वाढवलंच ना?
झेफेरिनो कुंपणाला कान लावून होताच. म्हणाला, वहिनी, ही गाडी नव्हे, इस्त्री आहे. किनारा गुळगुळीत करून याल.
ईस्टरला दिलेला गोड पाव परत मागितला. खाल्ला म्हणे. निर्लज्ज.

९ जून
परवान्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीत मिस हॅथवे. तोंड असं, जणू सकाळी चहाऐवजी व्हिनेगर घेते. म्हणाली, मॅडम, ऑल-व्हील चालेल, पण गाडीचं पोट उंच हवं. तिच्याकडे एक लाकडी ठोकळा आहे. तो गाडीखालून आरपार सरकला तर परवाना. आमच्या गाडीखाली अडकला. मी म्हटलं, तुमचा ठोकळा पावसात फुगलाय. म्हणाली, पाऊस कुठे पडलाय यंदा? भांडकुदळ बाई.
परवाना मिळाल्यातच जमा.

१४ जून, रविवार
चर्चमध्ये मंडळाच्या तिघींना सांगून टाकलं, यंदा माझ्या गाडीतून. झेफेरिनोला सांगा, तुझ्या जीपमधून येत नाही. तिघींनी तिथल्या तिथे सांगितलं. बादली त्यांनाही ठाऊक आहे. त्याचं तोंड बघायला ओदिलियाला पाठवलं होतं. म्हणे, वाईट वाटलं त्याला. छान.

१६ जून
युक्ती माझी. गाडीतून सगळं उतरवलं. खुर्च्या, हत्यारांची पेटी, ओदिलियाच्या नवऱ्याचे रबरी बूट. शेवटी मीही उतरले. ठोकळा सरकला! खरवडत, पण सरकला. मग त्या बाईनं दोर, फावडं, फळी, जादा चाक, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. चूक सापडेना तेव्हा दिला परवाना. वर उपदेश, गाडी अशीच हलकी ठेवा, आणि वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करा. हरली होती बिचारी, म्हणून बोलू दिलं.

२७ जून
केलच्या भाजीचं सूप केलं, मोठ्या पातेल्यात. सॉसेज, पाव, सगळ्यांच्या खुर्च्या. ओदिलिया म्हणे, आई, वजन! म्हटलं, सूप खाऊन संपतं. चाकांत हवा टम्म भरून घेतली. उद्या एवढी माणसं बसणार आणि चाकं मऊ करायची? झेफेरिनो कुंपणावरून ओरडत होता, वहिनी, ऐका माझं, हवा काढा, रुताल. जळतो मेला. मी खिडकी लावली.

२८ जून, सकाळ
निघतो आहोत. मागे तिघी, एक अर्धी दुसरीच्या मांडीवर. माझ्या मांडीवर पातेलं. किनाऱ्याच्या फाटकातून सगळ्यात आधी आम्ही, मागे झेफेरिनो, त्याच्या मागे सगळं गाव. मुद्दाम तसं जमवलंय. त्याला आमची धूळ खाऊ दे.

२८ जून, संध्याकाळ
गाडी जराशी बसली. पोटावर. चारही चाकं फिरत होती, हे मी सगळ्यांना दाखवून दिलं. जितकी फिरली तितकी खाली गेली, ते सोडा.
टोकाकडे जाणारी वाळूतली वाट एकाच गाडीपुरती. दोन्ही बाजूंना पक्ष्यांची घरटी, दोर बांधलेले, पलीकडे पाऊल टाकायची बंदी. म्हणजे आमच्या मागे सगळं गाव अडकलं. झेफेरिनो फावडं घेऊन गाडीखाली पालथा पडला. चिडवलं नाही. एक शब्दसुद्धा नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा नीचपणा. एवढंच म्हणाला, वहिनी, उतरा. उतरताना सूप वाळूत गेलं.
तेवढ्यात बोटी निघाल्या. वाळूच्या टेकाडामागून नुसत्या डोलकाठ्या दिसत होत्या. ओदिलिया गाडीच्या टपावर चढली आणि कोणती आपली ते शोधत राहिली. मग बराच वेळ खाली उतरली नाही. मी वाळूतून रुमाल हलवला. टेकाडाला.
आत्ता एलिझिओचा फोन आला होता. म्हणाला, वोवो, टोकावर कुणीच नव्हतं, नुसती सील जनावरं पडलेली. मी तरी भोंगा वाजवला.
मी म्हटलं, आम्ही सगळे तिथेच होतो रे. धुकं होतं, म्हणून दिसलो नसू.
तो म्हणाला, वोवो, दिवसभर लख्ख ऊन होतं.
ओदिलिया, हे लिहू नकोस.