आजोबांच्या कपाटातलं पिस्तूल

शुक्रवार, संध्याकाळ. रुमैथिया

नऊ वर्षं मी सांभाळलेली या अरब घरची लेक, नूरा, आज तिच्या आजोबांचं पिस्तूल घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. "शोभा, बघ किती जड आहे!"

मी ते ओट्यावर ठेवायला लावलं आणि तिला घट्ट जवळ ओढलं. सांगू की नको? नोकरी गेली तर? तरी आजोबांना सांगितलंच.

"रिकामंच आहे ते," ते खेकसले. त्यांनी उघडलं, तर आत तीन गोळ्या. तीन! मग आजोबा स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन ते जमा करून आले.

चुगली केली म्हणून नूरा माझ्यावर रुसलीय. रुसू दे बाई. रुसायला समोर आहे ना!