शर्टातून सूर्य दिसता कामा नये

जबलपूर,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

आदरणीय बापूसाहेब यांना अनुपमचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे साष्टांग फक्त कागदावर, समोर असतो तर कमरेत वाकून भागवलं असतं).

आपली प्रकृती कशी आहे? जिना चढताना लागणारा दम कमी झाला का? आणि डावा कान? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी पडू लागली, बाजारात मटारचे ढीग आले, आणि रिटायर्ड माणसाला मटार सोलण्यावाचून दुसरं काम नसतं असं आपल्या भगिनींचं मत असल्यामुळे माझी नखं सध्या हिरवी आहेत. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिलो, असं आपल्याला वाटेल. फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि जी गोष्ट मीराला कळू नये ती पूर्ण गल्लीला कळते. म्हणून पत्र.

विषय एका शर्टाचा आहे.

ऑगस्टमध्ये मीराला डेंग्यू झाला हे आपल्याला ठाऊकच आहे. तो बरा झाला आणि मागून ही उन्हाची अ‍ॅलर्जी निघाली. जरा ऊन लागलं की हातांवर, मानेवर लाल चट्टे. जिने सारी नोकरी कॉलेजच्या पोरींना रानोमाळ फिरवून झाडं शिकवण्यात घालवली, ती बाई तेव्हापासून फाटकाच्या बाहेर पडली नाही. तिची ती रविवारची पक्षी पाहणारी मंडळी (यामिनीताई त्यांच्या पुढारी) डिसेंबरात बरगीच्या जलाशयाच्या काठाने पायी जाणार आहेत, रात्री एका गावात मुक्काम. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, फक्त हात-मान झाकलेली हवी आणि डास, गोचिडी अंगाला लागता कामा नयेत. मीरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बघू.’ आपण तिचे थोरले भाऊ, तिच्या ‘बघू’चा अर्थ आपल्याला मी काय सांगावा! तिची दुर्बीण दाराआडच्या खुंटीला लटकून होती आणि ती स्वतः खिडकीशी बसून होती. मला ते पाहवेना. मनाशी म्हटलं, डॉक्टरांची अट शर्टाची आहे ना? चलो, शर्ट आणू. मग कशी नाही म्हणते ते पाहतो.

शर्ट म्हणजे शर्ट, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आमच्या चिन्मयीनं बंगळूरहून फोनवर सांगितलं, ‘बाबा, यूपीएफ पन्नासवाला घ्या.’ मला वाटलं हा प्रॉव्हिडंट फंडाचा काही नवा प्रकार आहे. मग तिनं तिच्या त्या अर्ध्या मराठीत समजावलं, ‘अहो, कपड्यातून धूप किती पास होते, उसका नंबर है!’ शिवाय तो शर्ट वजनाला हलका हवा, पण वीण दाट हवी. अंगाला चिकटता कामा नये, घाम लवकर वाळला पाहिजे. रंग फिका हवा, कारण गडद रंगावर डास येतात. पण अगदी पांढरा नको, एका दिवसात मळतो. (मुलगी पाहायला तुमच्याकडे आलो तेव्हा मी इतक्या अटी घातल्या नव्हत्या. आणि तुमच्या वडिलांनी एकच घातली होती, मुलगा पर्मनंट आहे ना.)

पहिला शर्ट मी मीराच्या चोरून मोबाइलवर मागवला. आला तो गुलाबी, आणि अंगाबरोबर. डासांचा बंदोबस्त होतो की नाही हे पाहिल्याशिवाय तिला कसा द्यायचा? म्हणून संध्याकाळी ती देवापुढे बसलेली असताना मी तो स्वतः चढवला (बटणं लागली, श्वास लागला नाही) आणि मागच्या अंगणात नालीशेजारी स्टूल टाकून बसलो. बापूसाहेब, जिथे जिथे कापड अंगाला घट्ट बसलं होतं तिथे तिथे डासांनी ते कापड नाहीच असं समजून जेवण केलं. पाठीवर तर पंगत बसली होती. मी पाठ भिंतीला घासत होतो, तेवढ्यात शेजारच्या पद्मजाबाई वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं आणि कपडे तसेच दोरीवर ठेवून खाली गेल्या. तेव्हापासून त्या मला ‘भाऊजी’ म्हणायच्या ते ‘अहो’वर आल्या आहेत.

म्हणून मग परवा सकाळी ओमतीच्या बाजारात गेलो. दुकानात शर्ट पुष्कळ, पण एकावरही तो नंबर नाही. चिन्मयी म्हणाली होती की नंबर नसला तर कापड उजेडासमोर धरा, जितका उजेड आरपार कमी तितकं बरं. आता दुकानातली ट्यूबलाइट म्हणजे काही सूर्य नव्हे. मी एकेक शर्ट घेऊन रस्त्यावर यायचो, तोंडावर धरायचो, मान वर करायचो आणि सूर्य दिसला की आत नेऊन परत करायचो. दुकानदार सज्जन, पण शेवटी त्यानंही विचारलं, ‘दादाजी, शर्ट पहनना है कि सूँघना है?’ ऊन चांगलं चढलं होतं. एक हवालदार बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला,

‘दादा, क्या कर रहे हैं?’

‘सूरज देख रहा हूँ.’

‘दिखा?’

‘हाँ, साफ दिख रहा है. इसीलिए नहीं लेना.’

त्यानं माझा हात धरून मला सावलीत बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि माझ्याच मोबाइलवरून घरी फोन लावला, की आपके साहब को धूप लग गई है, थोड़ा इधर-उधर की बात कर रहे हैं, ले जाइए.

आणि ती आली. बापूसाहेब, ती आली! डोक्यापासून ओढणी गुंडाळलेली, हातात माझे स्कूटरचे मोजे, वर छत्री, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. रिक्षातून उतरल्या उतरल्या माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, ‘काय करून राहिले तुम्ही इथे?’ माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो तेव्हा. ही भर उन्हात फाटकाबाहेर उभी आहे आणि तिच्या अजून लक्षातही आलेलं नाही. मी म्हटलं, आलीच आहेस तर एक शर्ट अंगावर घालून पाहा, माझी इतकी खटपट झाली आहे.

फिकट राखी रंगाचा एक शर्ट घेऊन ती पडद्याआड गेली. गेली ती येईचना. मी बाहेर उभा. मग आतून अगदी बारीक आवाज आला.

‘चला घरी. मला नाही जायचं कुठे. या आरशात नुसता शर्टच दिसून राहिला. मी कुठेच नाही त्यात.’

आजारानं ती किती वाळली आहे हे मी रोज पाहत होतो. तिनं मात्र बहुधा त्याच दिवशी पाहिलं. अशा वेळी नवऱ्यानं काही चांगलं बोलावं. माझ्या मनात पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं ते असं, ‘सैलच पाहिजे, मीरा. घट्ट कपड्यातून डास चावतो. मी करून पाहिलं आहे.’

पडद्याआडून, ‘काय करून पाहिलं?’

मग मी पडद्याला तोंड लावून सगळं सांगितलं. गुलाबी शर्ट, नाली, भिंत, पद्मजाबाई. पडदा आधी थोडा हलला, मग गदगदा हलला. ऑगस्टपासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. दुकानदारही हसत होता, बहुतेक काही न कळता. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, कॉलर कानापर्यंत उभी. सरळ रस्त्यावर गेली, हात वर करून बाही उन्हासमोर धरली, एक डोळा मिटला आणि ओरडली, ‘अहो, नाही दिसत!’ हवालदारानं कपाळावर हात मारून घेतला.

काल संध्याकाळी तोच शर्ट घालून ती माझ्याबरोबर नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत चालली. मधे दोनदा बसली, पण चालली. रात्री यामिनीताईंना फोन करून नाव दिलं.

बाकी क्षेम. घरातल्या थोरामोठ्यांना माझे नमस्कार सांगण्यासारखं आपल्यापेक्षा थोर आता कोणी उरलं नाही, तेव्हा ते सगळे आपणच ठेवून घ्यावेत.

आपला,
अनुपम

ता.क. मीराचा फोन आला तर ‘या वयात कशाला जातेस’ असं कृपा करून म्हणू नये. तिला तेवढंच निमित्त पुरेल. कोणते पक्षी दिसतील ते विचारावं. उत्तर ऐकू आलं नाही तरी चालेल, ती बराच वेळ सांगत राहील.

ता.क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. वहिनी गेल्यापासून आपण त्या खोलीतून बाहेर निघत नाही, असं आपली सुखदा सूनबाई सांगत होती. यामिनीताईंकडे अजून जागा आहे, वाट सपाट आहे, आणि दमलं तर बसायला काठभर दगड आहेत. मीही जाणार आहे. तरी आपल्या छातीचा घेर आणि बाहीची लांबी उलट टपालानं कळवावी. मीराला यातलं काही सांगितलेलं नाही. आपण स्टेशनावर उतराल तेव्हा तिचं तोंड मला पाहायचं आहे.

दादा, हे पत्र मटाराच्या टोपलीखाली ठेवलं होतं, म्हणून काल वाचलं. माप कळवू नको. तुझा शर्ट मी कालच आणून इस्त्री करून ठेवला आहे. तू फक्त ये. स्टेशनावर यांच्यासमोर मी चकित झाल्यासारखं करीन. — मीरा