बाबांच्या कानाचं मशीन

१७ ऑक्टोबर, सकाळी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्ही सगळेही बरे असालच. रीत संपली.

बाबांना त्या वृद्ध-निवासातून घरी आणलं म्हणून परवा तू मला फोनवर वाट्टेल ते बोललास. मी भावनेच्या भरात वागते, तू मेहनतीने बसवलेली घडी मी एका दिवसात विस्कटली, वगैरे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुझी मीटिंग सुरू झाली. पत्राला मीटिंग नसते. शेवटपर्यंत वाच.

जूनमध्ये तू चार दिवस आलास. "झोप लागते का?" विचारलंस, तर बाबा म्हणाले, "झाला माझा चहा." तुझा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी आपण त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तोंडावर मास्क, डोळे संगणकावर आणि प्रश्न भराभर. आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करत या, हे तीन शब्द लक्षात ठेवा. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. अकरा मिनिटांत निकाल लागला: स्मृतिभ्रंश, बराच पुढे गेलेला. आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तू म्हणालास, "त्यांना आता काहीच कळत नाही, डॉक्टर."

चौतीस वर्षं कारखान्यात लोखंडी पत्रे कापायच्या प्रेससमोर उभं राहून या माणसाचे कान गेले. पण त्याचे कान तपासावेत, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. "ऐकायला कमी येतं का?" एवढं मात्र विचारलं. तू म्हणालास, "मशीन होतं, ते हरवलं." त्याने मान डोलावली आणि गोळ्या लिहिल्या.

आठवड्याच्या आत बाबा निवासाच्या वरच्या मजल्यावर. तिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. सह्या तू केल्यास, बॅग मी भरली.

दर रविवारी मी जायची. गोळ्यांनी त्यांची हनुवटी छातीला टेकलेली असायची, सदऱ्याची बटणं खालीवर. भरवणारी बाई म्हणायची, "शहाणं बाळ कोण?" आणि ज्यांच्या हाताखाली चाळीस कामगार होते, ते आपले बाबा आ करायचे. ऑगस्टमध्ये दोनदा पडले, कपाळाला टाके पडले. तुला कळवलं, तर म्हणालास, वयामुळे होतं. वयामुळे! आपला अख्खा हलगर्जीपणा आपण त्यांच्या वयावर ढकलून मोकळे.

मग तिथे एक नवी सिस्टर आली, पन्नाशीची, जाड चष्म्याची. बाबा समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघतात, हे तिच्या लक्षात आलं. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आज वार कोणता?' बाबांनी वाचलं, त्या गुंगीतही हसले, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "रविवार. नाहीतर ही आली असती का?"

तिने शंभर लिहून पुढे वजा सात लिहिलं. बाबा पासष्टपर्यंत न चुकता उतरले.

सिस्टर माझ्याकडे वळली. यांना कानाचं मशीन का नाही, म्हणाली. मी म्हटलं, हरवलं. तिने विचारलं, कधी?

दादा, या ओळीवर मी दोन दिवस अडून आहे. ते हरवलं नव्हतं.

मार्चमधली दुपार होती. सकाळपासून चौथ्यांदा चादर बदलली होती. बाबा आत पलंगावर पडून होते. मी शाळेचे गणवेश शिवत होते आणि फोन खांद्याने कानाला दाबून मैत्रिणीशी बोलत होते. मी म्हणाले, "मरतही नाहीत आणि मला जगूही देत नाहीत." वळून पाहिलं तर बाबा दारात, हातात रिकामा पेला. पाणी घेतलं आणि आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी मला हाक मारणं सोडलं. अंथरूण ओलं झालं की भिंतीला धरून स्वतःच चादर ओढायचे. त्यांना ऐकू येतं, याचीच मला भीती वाटायला लागली. सेल बदलते म्हणून मी मशीन मागून घेतलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. आज देईन, उद्या देईन. घर शांत झालं. खरं सांगते, मला त्या शांततेत बरं वाटलं. तू विचारलंस तेव्हा हरवलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांसमोर तू तेच बोललास आणि मी मूग गिळून बसले.

त्या रविवारनंतर, सोमवारी सकाळीच मशीन घेऊन गेले. नवे सेल घातले, बाबांच्या कानात बसवलं आणि सगळं सांगितलं.

"बटणांच्या डब्यात होतं," बाबा म्हणाले. "मी पाहिलं होतं."

मग मागितलं का नाही, मी विचारलं.

"वाटलं, तूच देशील."

पुढे तासभर ते खिडकीबाहेर बघत बसले. मी निघते म्हटलं, तरी वळले नाहीत.

सिस्टरनेच वृद्धांच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्यांनी मास्क काढला, बाबांच्या समोर बसल्या, पाऊण तास दिला. स्मरणशक्तीच्या चाचणीत तिसापैकी सव्वीस गुण. गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, आणि मी बाबांना घरी आणलं. बाबा थोडं विसरतात, तेवढं मीही विसरते. आता भिंतीचा आधार न घेता न्हाणीघरापर्यंत जातात आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. हा माझा भावनेचा भर.

मी खोटं बोलले, ते माझं पाप. त्यात तुला वाटेकरी करत नाही. पण चार दिवसांत तू एकदाही त्यांच्यासमोर खाली बसून, चेहऱ्याकडे बघून, सावकाश काही विचारलं नाहीस. ते तुझं. नऊ वर्षं मी एकटी आहे इथे. तू दर वेळी विचारतोस, "बाबा कसे आहेत?" मला कधी कुणी विचारलं? विचारलं असतं, तर मैत्रिणीला फोनवर ते बोलायची वेळ आली नसती. कदाचित आली असतीही. मला माहीत नाही.

आता दुपारी एक बाई येतात मदतीला. आणि डिसेंबरचे पंधरा दिवस तुझे आहेत. विचारत नाही, सांगते आहे. अंगाखालची चादर माणसाला न उठवता कशी बदलायची, ते मी शिकवीन.

इथवर लिहिलेलं पत्र मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. त्यात एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'बाबांनी मला माफ केलं आहे.' त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. "अजून नाही," म्हणाले. मी ते पान पुन्हा लिहून काढलं.

तुझ्यासाठी दोन ओळी लिहा म्हणून मी कोरा कागद पुढे केला. त्यांनी तो घडी करून मला परत दिला. "तो समोर येऊन बसू दे," म्हणाले.

त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ठेवली आहे.

धाकटी